ईकोत कॉम्प्युटरचे पंखे बसवून सांगली ते बामणोली : मे महिन्यातल्या दोन रात्री

मे महिन्यात सांगलीत रात्री अकराला पण भिंती गरम लागतात. त्यात आमची मारुती ईको व्हॅन एसी नसलेली, आणि इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळं गाडी बंद करून तासभर झाला तरी खालून धग येत राहते. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साताऱ्यापलीकडं बामणोलीला कोयना धरणाच्या पाण्याकाठी दोन रात्री राहायचं होतं आणि लॉजवर नाही, गाडीतच झोपायचं म्हणत होते. मागं फळ्या टाकून गादीची सोय आधीच केलेली, राहिला प्रश्न हवेचा. वय ७४, बंद जागेत त्यांना गुदमरल्यासारखं होतं, म्हणून हे काम मी मनापासून आणि नीट करायचं ठरवलं.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे १२० एमएमचे पंखे घ्यायचं कारण सोपं आहे, ते १२ व्होल्टवर चालतात, आवाज कमी आणि करंट अगदी थोडा. माझे साधारण ०.२ अँपिअरचे, म्हणजे चार पंखे मिळून ०.८, रात्रीचे आठ तास धरले तर साडेसहा अँपिअर-अवरच्या आत काम होतं. दोन पंखे भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधनं निघाले ते तीन पिनचे, दोन नवीन घेतले ते चार पिनचे, आणि पहिला घोळ इथंच झाला. चार पिनच्या पंख्यात काळी वायर मायनस, पिवळी प्लस, हिरवी स्पीड मोजायची आणि निळी स्पीड कंट्रोलची. तीन पिनच्यात काळी मायनस, लाल प्लस आणि पिवळी स्पीड मोजायची! म्हणजे एकात पिवळी प्लस आणि दुसऱ्यात त्याच पिवळीला प्लस लावायचाच नाही. मी रंग बघून जोडलं, पंखा फिरेना, तेव्हा लगेच काढलं म्हणून वाचला. काही पंख्यांना तर सगळ्या वायरी काळ्याच येतात, तेव्हा रंगावर जाऊ नका, कनेक्टरवरनं पिन मोजा: एक मायनस, दोन प्लस, तीन स्पीड, चार कंट्रोल, हा क्रम दोन्हीत सारखाच असतो.

दुसरी गोष्ट स्पीडची. बाजारात मोटरसाठीचा गोल बटणाचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर मिळतो, तो मी आधी लावला होता, तो पंख्याची सप्लायच तोडतोडून देतो त्यामुळं पंखे कुईं असा बारीक आवाज करत होते आणि स्पीड कमी केला की एक सुरूच व्हायचा नाही. चार पिनच्या पंख्याला तसं करायचंच नसतं, त्याला पूर्ण १२ व्होल्ट कायम द्यायचे आणि फक्त निळ्या वायरीवर २५ किलोहर्ट्झचा सिग्नल द्यायचा, तसं छोटं बोर्ड वेगळं मिळतं, बटण फिरवलं की स्पीड कमीजास्त. निळी वायर मोकळी सोडली तर पंखा फुल स्पीडनं फिरतो, म्हणजे बोर्डाकडची ती वायर सुटली तरी हवा बंद पडत नाही, हे मला फार आवडलं.

मग बसवणी अशी केली. डाव्या सरकत्या काचेच्या फटीत एसीपी शीटची (दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम, मधे प्लास्टिक) पट्टी कापून त्यात चार पिनचे दोन पंखे, हवा आत घेणारे, त्यांचं बटण अप्पांच्या उशाशी. उजवीकडं तीन पिनचे दोन, हवा बाहेर फेकणारे, ते डब्ल्यू१२०९ नावाच्या छोट्या थर्मोस्टॅट बोर्डवर, म्हणजे तापमान बघून चालू-बंद करणाऱ्या बोर्डवर, ठरवलेल्या डिग्रीच्या वर गेलं की चालू. हवा कुठल्या बाजूनं निघते हे कळायला पंख्याच्या मागचे आडवे दांडे बघा, दांड्यांच्या बाजूनं हवा बाहेर पडते. डासांची जाळी एकदम बारीक घेऊ नका, हवा निम्मी मरते.

पण खरं महत्त्वाचं पुढं आहे. गाडीचे १२ व्होल्ट हे १२ नसतात. गाडी बंद असताना चार्ज बॅटरी १२.६ दाखवते, इंजिन चालू केलं की १४.२ ते १४.४, स्टार्टर मारताना दणकन खाली, आणि अधूनमधून उंच झटके येतात ते वेगळे. घरच्या टेबलावर अडॅप्टरवर सगळं छान चाललेलं, गाडीत थेट लावल्यावर पंख्यांचा आवाज इंजिनबरोबर वरखाली व्हायला लागला. त्यासाठी मधे व्होल्टेज एकसारखं ठेवणारा कन्व्हर्टर लागतो. मी आधी फक्त व्होल्टेज उतरवणारा एलएम२५९६ लावला, इंजिन चालू असताना ठीक, पण रात्री बॅटरी १२.५ वर आली की त्यातून ११ च्या आसपासच निघायचे आणि पंखे मंद. मग चढवणारा-उतरवणारा, बक-बूस्ट, घेतला आणि पंखे जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून त्याचा स्क्रू फिरवून बरोबर १२ ला सेट केला. हे आधी मीटर लावणं विसरू नका, काही बोर्ड बाजारातनं २० वर सेट असलेले पण येतात.

फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ, वीतभर अंतरात, तीन अँपिअरचा. पुढं कुठंतरी पंख्याजवळ लावला तर मधली वायर घासून पत्र्याला लागली की फ्यूज काहीच करू शकत नाही. वायर एक स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड, पत्र्यातून जाते तिथं भोकाला रबरी रिंग, म्हणजे ग्रोमेट, आणि अर्थिंगच्या जागेचा पेंट खरवडून चकचकीत पत्रा काढून मगच बोल्ट आवळायचा. कंपनीच्या मूळ वायरिंगची, म्हणजे हार्नेसची, एकही वायर कापलेली नाही. आणि बॅटरी १२.१ ला आली की सगळं आपोआप बंद, असं लो-व्होल्टेज कटऑफचं बोर्ड बसवलंय, बामणोलीत सकाळी गाडी चालू नाही झाली तर मेकॅनिक घाट चढून साताऱ्यातूनच आणायला लागेल.

पहाटे पाचला निघालो, आष्टा, इस्लामपूर करत पेठ नाक्याला हायवे पकडला. पुढं सहापदरीकरणाच्या कामाचे डायव्हर्जन, धूळ आणि धक्के, कराडला चहा, साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि यवतेश्वरचा घाट चढून कासवरून खाली बामणोली. कासला फुलं सप्टेंबरात, मे महिन्यात नुसता तांबूस सडा, पण अप्पा दहा मिनिटं शांत बघत उभे होते. बामणोलीत एका घरी विचारून त्यांच्या अंगणात गाडी लावली, समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पाणी बरंच खाली गेलेलं.

पहिल्या रात्री दोनला अप्पांनी हलवलं, "आरं, ह्यो उजवीकडचा थांबला बघ की." टॉर्च त्यांनी धरला, मी पट्टी काढली. लाल वायरीला मी सोल्डरचा डाग दिलेला, डाग जशाचा तसा, पण डाग संपतो तिथंच वायर तुटून पडलेली. डाग दिल्यावर तेवढी वायर कडक होते, आणि दिवसभराचे धक्के त्या एकाच जागी बसतात. पिशवीत लिव्हर दाबायची कनेक्टर होती, त्यानं पाच मिनिटात जोडलं. परतीच्या वाटेवर साताऱ्यात खाली हायवेलगतच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं सगळे जोड काढून क्रिंप करून, म्हणजे वायरीवर धातूचा लग दाबून घेतले, वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूला वायर टायनं बांधून घेतली. त्या भाऊंनी एका वाक्यात सांगितलं, गाडीत डाग द्यायचा नाही, लग दाबायचा.

दुसऱ्या रात्री वळीव आला. कॉम्प्युटरचे पंखे पाण्यासाठी केलेले नसतात, म्हणून दोन्ही पट्ट्यांवर बाहेरून शीटचंच छज्जासारखं झाकण आधी केलेलं होतं आणि वायर आत येण्याआधी खाली एक झोळ सोडलेला, म्हणजे पाणी झोळातून ठिपकतं, आत येत नाही. पंखे कोरडे राहिले. थर्मोस्टॅटमधे चालू आणि बंद होण्यातला फरक ०.५ डिग्री ठेवलेला, त्यामुळं त्यातला स्विच, म्हणजे रिले, रात्रभर टिकटिक करत होता, तो २ डिग्री केला. आणि सेन्सर छताजवळ चिकटवू नका, तिथं पत्र्याची उष्णता मोजली जाते, झोपतो त्या उंचीवर लोंबता ठेवा. थर्मोस्टॅट बोर्डचा लाल डिस्प्ले डोळ्यावर येतो, वर काळी टेप.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हे पंखे बाहेरच्या हवेपेक्षा गार करत नाहीत. बाहेर ४० असेल तर आत ४० च्या खाली येणार नाही, तेव्हा उन्हात उभ्या गाडीत लहान मूल, म्हातारं माणूस किंवा कुत्रं पंख्याच्या भरवशावर ठेवू नका. इंजिन चालू ठेवून झोपायचं तर नावच नको, धूर आत आला तर माणूस उठत नाही.

दोन्ही रात्री आत मीटरवर २५-२६ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी १२.४, गाडी पहिल्या स्टार्टरला चालू. सांगलीत परतल्यावर अप्पांनी बटण काढू दिलं नाही, आता दुपारी गाडी आंब्याखाली लावून तिथंच पेपर वाचत बसतात.