तिथे सल्ला देत नाहीत

प्रश्न बहुतेक वेळा दबक्या आवाजात येतो, बाकीचे पांगल्यावर. ‘त्या मीटिंगमध्ये असं सांगतात तरी काय, की दारू सुटते?’

तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगते: काहीच सांगत नाहीत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला मीही सल्ला घ्यायलाच गेले होते, प्रश्न तयार करून. तिथे एकेक जण थोडा वेळ स्वतःबद्दल बोलला आणि बाकीचे ऐकत राहिले. मध्ये कोणी तोंड घातलं नाही, ‘तुम्ही असं करा’ म्हणालं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘आज नुसती ऐकते.’ तेही चाललं. तास फुकट गेला असं वाटत मी घरी आले.

पण एका गृहस्थांचं बोलणं डोक्यातून जाईना. ते सगळे फोन संध्याकाळी सातच्या आत उरकायचे, कारण नंतर जीभ जड व्हायची. तरीही सकाळी डोळे उघडले की आधी मोबाइल बघायचे, रात्री कोणाकोणाला लावला ते. मी हेच करत होते. अगदी हेच. सख्ख्या बहिणीलाही ते ठाऊक नव्हतं. पिण्यापेक्षा या लपवाछपवीची मला जास्त लाज होती, आणि हा माणूस भरल्या खोलीत ते साध्या आवाजात सांगून मोकळा झाला होता.

सल्ले मला आधीही भरपूर मिळाले होते. मनावर घे, बेताने घे, मुलांकडे बघ. कोणी सल्ला दिला की मी तत्काळ स्वतःची वकील व्हायचे. इथे मला उद्देशून कोणी बोलतच नव्हतं, मग वाद घालणार कोणाशी?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची, सुरुवातही अशीच झाली. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन नावाचा शेअर दलाल हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून पाचेक महिने झालेले, हातातला सौदा फिसकटलेला, आणि समोर बार. त्याने बारकडे न जाता फोन फिरवायला सुरुवात केली. त्याला बोलायला दुसरा दारुडा हवा होता. भेटले डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. पंधरा मिनिटं देतो म्हणाले आणि काही तास बसले. बिलने उपदेश केला नाही, आपबीती सांगितली. आणि गरज बिलची होती, हे मला फार आवडतं. डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतला तो दिवस, १० जून १९३५, एएचा स्थापना दिवस मानतात.

मी मात्र पहिल्याच गटात रमले नाही. तिथे मी एकटी बाई होते, आणि एक जुने सभासद वेळ संपली तरी थांबत नसत. दोन महिन्यांनी मी दुसरा गट धरला, बायकांचा. एक गट जमला नाही म्हणून ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवू नका, तीन-चार ठिकाणी बसून बघा. दारू सोडण्याच्या एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांतला ईश्वर मलाही सुरुवातीला खटकला. तिथे ईश्वराला जोडलेल्या ‘आम्हाला उमगलेला’ या शब्दांच्या आडोशाने मी टिकले. तेवढ्यानेही भागत नसेल, तर १९९४ साली सुरू झालेली स्मार्ट रिकव्हरी ही दुसरी संस्था आहे. तिथे देवाचा विषय नसतो.

चौथ्या महिन्यात माझी स्लिप झाली, म्हणजे मी पुन्हा प्याले. बोलणी खायच्या तयारीने परत गेले. एक जण फक्त म्हणाली, ‘आलीस ना, बैस.’ दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागले, बाकी काही झालं नाही. खरं सांगायचं तर रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं; रुसून घरी जायला कारण मिळालं असतं.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्या आधीची. रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो. माझे हात सकाळी थरथरायचे, म्हणून मी आधी डॉक्टरांकडे गेले. गट हा औषधोपचाराला पर्याय नाही.

तुम्ही स्वतःसाठी विचारताय की घरातल्या कोणासाठी, ते मी विचारणार नाही. घरच्यांसाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉन आहे, १९५१पासून. पिणारा मीटिंगला जात नसला तरी तुम्ही तिथे जाऊ शकता. स्वतःसाठी असेल, तर एएत फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. फक्त आधी फोन करून मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड ते विचारा. ओपन असेल तर सोबत कोणालाही नेता येतं. मला हे माहीत नव्हतं. मी एकटी गेले आणि आत शिरण्याआधी इमारतीला दोन चकरा मारल्या.