सातचा हात कसा झाला

मी मिरजेत कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो. हे प्रकरण एका छापखान्यातलं आहे, नाव सांगत नाही. मशीन दुरुस्त झालं, बिलही मिळालं, पण डोक्यातून काही जात नाहीये म्हणून लिहितोय.

तक्रार तशी नेहमीचीच. डीटीपीचं मशीन दुपारनंतर निळ्या स्क्रीनला जातं आणि रिस्टार्ट होतं. सकाळी कधीच नाही. माझ्याआधी जो कोणी यायचा तो दर वेळी विंडोज फॉरमॅट मारून जायचा. आमच्या लाइनीतला हा रोगच आहे, कळलं नाही की फॉरमॅट, त्यात गिऱ्हाइकाचे फॉन्ट जातात, प्रिंटरची सेटिंग जातात, आणि मशीन चार दिवस गप्प बसलं की हा पैसे घेऊन मोकळा. दुसरी जात इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून त्यातली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दाखवणारी, की बघा पॉवरचा प्रॉब्लेम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदला. अरे ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं. का झालं नाही ते त्यात नसतंच.

मी आधी मिनीडंप बघतो, म्हणजे मशीन निळ्या स्क्रीनला जाताना विंडोज जी छोटी फाइल लिहून ठेवते ती. इथे एका डंपमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोषी, दुसऱ्यात नेटवर्कचा, तिसऱ्यात अँटिव्हायरस, एकात तर विंडोजची स्वतःची, डिस्क सांभाळणारी एनटीएफएसची फाइल. एखादं सॉफ्टवेअर खराब असेल तर फिरून फिरून त्याचंच नाव येतं. दर वेळी नवीन नाव यायला लागलं की त्या सगळ्यांच्या मागे लागायचं नाही, ते सगळे ज्या रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या मेमरीत, बसतात ती रॅम धरायची. शिवाय मी एक मोठी फाइल झिप करून परत उघडायला लावतो, तिथे सीआरसी एरर आला, म्हणजे तपासणीचा आकडा जुळला नाही, की संशय पक्का.

मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्राम लावला, पहिली फेरी साफ. बरेच जण इथेच उठतात आणि रॅम ओके म्हणून सांगतात. पण रॅमच्या एकेका सेलमध्ये, म्हणजे एका बिटाच्या (शून्य किंवा एक) खणात, चार्ज साठवलेला असतो आणि तो सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो परत भरावा लागतो, आणि सेल जितका गरम तितकी गळती जास्त. कमजोर सेल गार असताना वेळ निभावून नेतो, गरम झाला की तेवढ्यातही टिकत नाही. हे मशीन भिंतीला चिकटून, वर पत्रा, महिना एप्रिलचा. म्हणून मी कॅबिनेट बंद ठेवून टेस्ट तशीच चालू सोडली आणि दुपारी परत गेलो, तर स्क्रीनवर लाल ओळी. रॅममधले पत्ते वेगवेगळे पण जवळजवळचे, आणि एरर बिट्सच्या रकान्यात प्रत्येक ओळीला तोच एक बिट, सगळ्यात शेवटचा. दिशासुद्धा एकच, शून्य लिहिला की एक वाचला जातोय, उलटं एकदाही नाही. कॉन्टॅक्ट साफ केले, स्लॉट बदलला, तर एरर रॅमच्या त्या ८ जीबीच्या पट्टीबरोबर, म्हणजे स्टिकबरोबरच गेला. स्टिक काढली, काम संपलं.

संपलं असं मला वाटलं. मी निघताना तिथल्या ऑपरेटर ताई हळूच म्हणाल्या, "दादा, यानं अक्षरं बदलू शकतात का हो?"

मी विचारलं म्हणजे कशी. त्यांनी खणातून प्रुफं काढली. एका गावाच्या इतिहासाचं पुस्तक चाललंय, सगळं युनिकोडमध्ये. 'सात एकर'चं 'हात एकर' झालेलं. 'माती'चं 'मिती', 'खत'चं 'गत'. बाईंचं म्हणणं, मी हे बरोबर टाइप केलं होतं, पहिल्या प्रुफात बरोबर आहे, नंतर कोणी हात लावला नाही आणि तिसऱ्या प्रुफात चूक. मालक म्हणणार तुमचं लक्ष नाही. त्यावरून त्यांचे पैसे कापलेत.

आता युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर असतो. स म्हणजे २३६०, ह म्हणजे २३६१. ख २३२६, ग २३२७. काना २३६६ आणि लगेच पुढची ऱ्हस्व वेलांटी २३६७. सम नंबराचा शेवटचा बिट शून्य, तो एक झाला की पुढचं विषम अक्षर. मी तिथेच टेबल उघडून बसलो. त्यांनी खुणा केलेल्या चुका एकेक लावून पाहिल्या. काही साध्या टायपिंगच्या निघाल्या, त्या बाजूला ठेवल्या. पण बाकीच्या सगळ्या समाकडून विषमाकडे. दचा ध होता, धचा द एकही नाही. लचा ळ, उलटं नाही.

दचा ध किंवा लचा ळ झाला तर चुकून शिफ्ट दाबली गेली म्हणता येईल, इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत त्या जोड्या एकाच कळीवर आहेत. पण मचा य? म सीच्या कळीवर, य पार उजवीकडे स्लॅशवर. स आणि ह तर वेगवेगळ्या ओळीत. बोट घसरून हे होत नाही. बाईंना इतकं टेक्निकल माहीत नव्हतं, पण त्यांनी पहिल्यापासून प्रुफं जपून ठेवली होती, तारखा टाकून, आणि मला विचाराल तर त्या छापखान्यातलं सगळ्यात नीट काम तेच होतं.

मालकांना सांगितलं. "काका, मशीन बंद पडत होतं ते तुम्हाला दिसलं, पण जेव्हा बंद पडत नव्हतं तेव्हा ते मजकूर बदलत होतं." ते म्हणाले, असं कुठं असतंय होय. असतंय. सर्व्हरच्या ईसीसी रॅमला ६४ बिटांमागे तपासणीचे ८ जादा बिट असतात, एक बिट फिरला तर ती स्वतः दुरुस्त करते आणि नोंदही ठेवते. गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या लोकांनी २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरवरच्या अशा नोंदी तपासून पेपर काढला, तर वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिक्समध्ये निदान एकदा तरी एरर आलेला होता. आपल्या टेबलावरच्या मशीनमध्ये ती सोय बहुतेक नसतेच, सगळा हिशोब, सगळे दाखले, सातबारे, पुस्तकं आपण विनातपासणीच्या रॅमवर करतो आणि चूक निघाली की टाइप करणाऱ्याला धरतो. याचा मला खरंच राग येतो.

प्रत्येक चूक रॅमचीच असं मी छातीठोक सांगू शकत नाही, जो क्षण गेला त्याचा पुरावा उरत नाही. पण एवढ्या चुका एकाच दिशेनं टायपिस्टकडून होतील हे मला पटत नाही, आणि तसं मी कागदावर लिहून सही करून काकांना दिलंय.

नवीन रॅम टाकली, रात्रभर टेस्ट चालवली, साफ आहे. बॅकअपचं मात्र अवघड आहे, कारण त्याच मशीनवरून कॉपी झालेला बॅकअप, त्यात फिरलेलं अक्षर तसंच जपून ठेवलेलं. स्टिक कधीपासून बिघडली ते कळायला मार्ग नाही. गेल्या वर्षीची दोन पुस्तकं छापून, बांधून लोकांच्या घरी गेलीयेत. ताई त्यांची पहिली प्रुफं आणि छापील प्रत समोरासमोर ठेवून वाचतायत, जेवणाच्या सुट्टीत. सापडलेल्या शब्दांचे फोटो मला पाठवतात आणि मी नंबर लावून सांगतो, हा मशीनचा, हा नाही. कापलेले पैसे अजून परत मिळाले नाहीत, पुढच्या आठवड्यात मी स्वतः काकांशी बोलणार आहे.