10.6 वरचं शिखर

दोन दिवस एकच आकडा छळत होता. ॲल्युमिनियमवर इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा, ऊर्जा जवळजवळ न गमावता परत फिरणाऱ्यांचं शिखर मोजायचं, संदर्भासाठी घेतलेल्या निकेलच्या शिखराशी गुणोत्तर काढायचं आणि त्यावरून धातूत इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावण्याआधी सरासरी किती अंतर कापतो ते ठरवायचं, असं ते काम. 2000 इलेक्ट्रॉनव्होल्टला मोजमाप आणि गणित छान जुळत होतं. 200 ला मात्र फारकत. मधल्या ऊर्जांना ती पायरीपायरीनं वाढत गेलेली.

पहिला संशय अर्थातच घाणीचा. ॲल्युमिनियम ऑक्सिजनला चटकन धरतं. निर्वात कितीही चांगला असला तरी पृष्ठभाग फार वेळ स्वच्छ राहत नाही. आर्गॉननं पुन्हा स्पटरिंग केलं, म्हणजे आयनांचा मारा करून वरचा थर खरवडला, आणि लगेच ऊर्जाहानीचा वर्णपट, म्हणजे किती इलेक्ट्रॉननी किती ऊर्जा गमावली त्याचा आलेख, घेतला. 15.3 इलेक्ट्रॉनव्होल्टवर धातूच्या आतल्या प्लाझमॉनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक हेलकाव्याचं, शिखर, 10.6 वर पृष्ठभागाच्या प्लाझमॉनचं, दोन्ही टोकदार. ऑक्साइड चढलं असतं तर 10.6 चं शिखर खचून 7 च्या आसपास फुगवटा आला असता. तसं काही नव्हतं. म्हणजे नमुना स्वच्छ, आणि आकडा तरीही चुकीचा!

सहकारी म्हणाली, "तिरका करून बघ ना."

नमुना कलवला. 10.6 चं शिखर डोळ्यांदेखत वर आलं, 15.3 चं त्याच्या मानानं बसलं. गणितात नवा कोन घातला, तर 200 ची फारकत आणखी वाढली. अंगावर काटा आला. इलेक्ट्रॉन जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दोनदा पृष्ठभाग ओलांडतो. तिरका गेला की पृष्ठभागाच्या पातळ थरात जास्त वेळ राहतो, मंद असला तरी तेच. 2000 वरून 200 वर आलं की वेग जवळजवळ तिपटीनं कमी होतो. तिथे ऊर्जा गमावलेले इलेक्ट्रॉन आमच्या शिखरातून वजा होत होते. आम्ही धरून चाललो होतो की निकेलशी गुणोत्तर घेतल्यावर हा परिणाम कटेल. पण दोन धातूंची पृष्ठहानी सारखी नसते.

दोन्ही धातूंसाठी वेगवेगळी दुरुस्ती घातली. 200 चा बिंदू रेषेकडे सरकला, पूर्ण बसला नाही, पण त्रुटीच्या मर्यादेत आला. पहाटे पडताळणीसाठी वर्णपट पुन्हा घेतला, तर 10.6 चं टोक बोथट झालेलं. नमुना परत आर्गॉनखाली नेला.