ताप

"ताप," काका म्हणाले. पुढची ओळ. "हा पण ताप." पान उलटलं. "तापच."

आज तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये पणजोबांच्या मृत्यूची नोंद शोधत होतो. गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, साल १९१८. मोडी वाचणारे काका बोट न उचलता वाचत होते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते आपल्याला कळतच नाही.

पावसाळ्यापर्यंत महिन्याला दोन-तीन मयत. ऑक्टोबरात मात्र पानं पुरेनात. आजी नुसतं "मानमोडीत गेले" म्हणायची. मानमोडी म्हणजे तेव्हाची इन्फ्लुएंझाची साथ, हे मला कोविडच्या दिवसांत कळलं!

पणजोबा सापडले. वय ३०, धंदा शेती, कारण ताप. मी फोटो काढून उठणार, तेवढ्यात काकांचं बोट चार ओळी वर गेलं. "ही पण तुमच्याच घरची."

बापाचं नाव पणजोबांचं. मयत : मुलगी. वय ९ दिवस. नाव नाही.

"बारसं राहिलं असणार," काका म्हणाले.

आजोबांना धाकटी बहीण होती, हे आमच्या घरात कधी कुणी बोललंच नाही. पणजी नंतर जमिनीच्या फेरफारात, म्हणजे नावबदलाच्या नोंदीत, एकदाच भेटते, अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाची पालनकर्ती आई म्हणून. तिथेही तिच्या दोन दिवसांच्या अंतरानं गेलेल्या दोघांपैकी एकाचाच उल्लेख.

निघताना काकांनी विचारलं, "वंशावळीत हिला धरायचं ना?"

हो म्हणालो. पण त्या चौकटीत लिहू काय?