लाँगबो, रिकर्व्ह की कंपाउंड: हरणासमोर काय फरक पडतो

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ला बर्लिनमध्ये धनुर्विद्येत जगज्जेते झाले, ते कंपाउंडवर, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर. १९७२च्या कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, पण अमेरिकेत याच जातीचं धनुष्य घेऊन लोक हरणामागे जातात आणि लाँगबो (साधं लांब धनुष्य) आणि रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) वाल्यांशी कायम वाद घालतात. वाद वेगावरून होतो. माझ्या मते खरा फरक ओढून धरण्यात आहे.

५० पाउंडांचा रिकर्व्ह पूर्ण ओढला की तीन बोटांवर जवळपास २३ किलो. काही सेकंदांत हात थरथरतो, म्हणजे हरणाचं पाऊल पुढे पडल्यावरच ओढायचं. कंपाउंडचे कॅम (टोकांची चाकं) फिरले की भार उतरतो: ६० पाउंड, ८० टक्के लेट-ऑफ (उतरलेला भार), हातात उरले १२. हरीण झाडाआड थांबलं तर आपणही थांबायचं. ही युक्ती मिसूरीच्या होलेस ॲलनची, पेटंट १९६९चं.

वेगाचा हिशेबही बघा. २० यार्डांवर लाँगबो-रिकर्व्हचा सेकंदाला १७० फुटांचा बाण ०.३५ सेकंदांत पोचतो, कंपाउंडचा २९० फुटांचा ०.२१ सेकंदांत. दोरीचा आवाज मात्र ०.०५ सेकंदातच हरणाच्या कानी पडतो. पळण्याआधी ते खाली दबतं आणि फुप्फुसावर धरलेला बाण पाठीवरून जातो. म्हणून पारंपरिकवाले, म्हणजे लाँगबो-रिकर्व्हवाले, आवाज दाबायला दोरीला लोकरीचे गोंडे बांधतात, जड बाण वापरतात (पाउंडामागे ९ ग्रेन धरले तर ५० पाउंडांना ४५० ग्रेन, २९ ग्रॅम) आणि २० यार्डांपलीकडे शहाणा माणूस सोडत नाही.

नवखे फसतात ते स्पाइनमध्ये, म्हणजे बाणाच्या काडीच्या कडकपणात. लाँगबोचा बाण धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो, त्यामुळे त्याची लवचिकता जुळावीच लागते. बिनपिसांचा बाण सोडून बघा. उजव्या हाताच्या माणसाचा तो पिसांच्या बाणाच्या उजवीकडे लागला तर काडी मऊ: टोक हलकं करा किंवा काडी थोडीथोडी कापा. डावीकडे गेला तर कडक, टोक जड करा. पण आधी नॉक-पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) दोरीशी काटकोनाच्या रेषेच्या १५-१६ मिमी वर बांधा आणि मग खाली आणा. तो फार खाली असेल तर बाणाचं शेपूट शेल्फवर (बाण टेकवायच्या कडेवर) आपटून उसळतं आणि नॉक-पॉइंट वर असल्यासारखी खोटी खूण देतं. यात लोकांचे आठवडे जातात. शिवाय धनुष्यावर छापलेले पाउंड २८ इंचांच्या ओढीचे असतात. इंचामागे दोन-तीन पाउंड कमीजास्त.

कंपाउंडची दुखणी वेगळी. दोरी पिळली की पीप (दोरीत बसवलेलं, नेम धरायचं भोक) फिरतं आणि त्यातून दिसेनासं होतं. पहाटेच्या अंधुक उजेडात तर पीपचं लहान भोक डोळ्याला काळंच. दोरी तुटली तर प्रेसशिवाय (धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) बदलता येत नाही, त्या दिवसाची शिकार संपली. रिकर्व्हची दोरी झाडाखाली उभ्या उभ्या बदलता येते, फक्त स्ट्रिंगर (दोरी चढवायची पट्टी) वापरा. पायात अडकवून वाकवलं की लिम्ब (धनुष्याच्या भुजा) पिळतात.