दाखला मागायला आलेला पोरगा

नववीतला एक पोरगा मधल्या सुट्टीत आला, म्हणाला मॅडम दाखला पाहिजे, काकांबरोबर कामाला जाणार. अगदी शांतपणे, म्हणजे घरी ठरवूनच आलेला. अशा वेळी शिक्षण किती महत्त्वाचं वगैरे सांगून काही होत नाही, ती वाक्यं त्यांना पाठ असतात. मी त्याला बस म्हटलं आणि हजेरीपत्रक काढलं.

वर्षाचे 10 टक्के दिवस बुडले, म्हणजे 200 पैकी 20, की काळजी करायची असं मानतात. याचे त्याहून जास्त होते, पण सलग नाही, बहुतेक सगळे गणिताचा जोडतास असतो त्या वारी! म्हटलं गणिताच्या दिवशीच कसा रे आजारी पडतोस, तर मान खाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट बाल्फान्झ यांचं कामच यावर आहे, हजेरी, वागणूक आणि नापास होणारे विषय यातून सहावीतच दिसायला लागतं की हे मूल शाळेतून निसटतंय. आपण मात्र दाखला मागेपर्यंत बघत नाही, याचा मला खरंच राग येतो.

मग वही मागितली. समीकरणं अर्धवट सोडलेली आणि कोपऱ्यात 1/2 + 1/3 = 2/5. म्हणजे बीजगणित नाही, अपूर्णांकच कच्चे राहिलेले, आणि पुढची सगळी वर्षं त्याच्यावरच रेटत आलेला. कागदाची पट्टी दिली, घड्या घालून सहा सारखे भाग करून घेतले. अर्धी म्हणजे किती भाग? तीन. एक तृतीयांश? दोन. "मग सहातले पाच झाले की मॅडम," म्हणाला आणि स्वतःच वही ओढली. क्ष/2 + क्ष/3 = 5 दिलं, थोडं अडखळत क्ष = 6 आणलं, उत्तर घालून तपासलं पण.

पैशाची अडचण खरी होती, ती काय पट्टीने सुटणार नव्हती. आईला बोलावलं, मुख्याध्यापकांनी मदतनिधीतून फी आणि पुस्तकांचं बघितलं, तेव्हा आई दहावीपर्यंत थांबायला तयार झाली. गणिताचे सर शाळा भरायच्या आधी अपूर्णांक घेऊ लागले आणि रोज सकाळी त्याने मला तोंड दाखवून वर्गात जायचं असं ठरलं.

आता दहावीत आहे. मध्येच एखादी दांडी मारतो अजून, त्या दिवशी पहिल्याच तासाला मी घरी फोन लावते.