भोकं असू द्यावीत

गुलाबाच्या पानाची कड एसटीच्या कंडक्टरनं चिमटा मारावा तशी जागोजागी गोल कापलेली दिसली, की बाग करणाऱ्या माणसाचा हात आपसूक फवाऱ्याकडे जातो. कीड लागली, हे निदान लांबूनच होतं. आमच्या सासूबाई तर निंबोळी अर्काची बाटली घेऊन तयारच असतात. त्यांना थांबवलं आणि पान हातात घेऊन बघायला लावलं. अळीनं खाल्लेलं पान वेडंवाकडं कुरतडलेलं असतं, आसपास काळ्या बारीक लेंड्याही सापडतात. इथे तसलं काही नव्हतं. काप रेखीव, बाकीचं पान ठणठणीत.

"खाल्लं नाहीये आई, कापून नेलंय."

"नेलं कुणी? आणि कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. नेणारी पानकापी माशी. आकारानं साधारण आपल्या सातेरी मधमाशीएवढी, काळसर-करडी, आणि स्वभावानं एकांडी. तिला राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही, मध नाही. जगात माश्यांच्या या गोतावळ्यात वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य अशाच एकट्यानं संसार करणाऱ्या. आपण मात्र मधमाशी म्हटलं की मोहोळ गृहीतच धरतो. त्यातून आम्ही सातारा जिल्ह्यातले. महाबळेश्वरचा मध लहानपणापासून घरात, आणि २०२२ साली मांघरला देशातल्या पहिल्या मधाच्या गावाचा मान मिळाला तेव्हापासून तर विचारूच नका. गच्चीवर माश्या पाळते असं मी कुणाला सांगितलं, की ऐकणारा आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग विचारतो, "मध किती निघतो?" थेंबभरही नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी कणव दाटते ती बघण्यासारखी असते.

मला मध नको होता, वांगी हवी होती. गच्चीवरच्या कुंड्यांत वांगी, टोमॅटो, मिरच्या लावल्या की झाडं माजतात, फुलं भरभरून येतात आणि गळून जातात. कारण बहुतेकदा खतात शोधलं जातं. पण वांग्याच्या फुलाची गंमत अशी, की त्याचे पुंकेसर म्हणजे बंद नळ्या असतात आणि पराग बाहेर पडायला टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं. टोमॅटोचंही थोड्याफार फरकानं तेच. नुसतं फुलावर बसून भागत नाही, फूल हलवावं लागतं, आणि तेही ठरावीक कंपनांनी. मधमाशीला ही विद्या येत नाही. ज्यांना येते त्यांतली आपल्याकडे सहज दिसणारी म्हणजे निळ्या पट्ट्यांची माशी. गुबगुबीत, पोटावर चकचकीत निळसर पट्टे, तुळशीच्या मंजिऱ्यांवर सकाळी हमखास भेटणारी. ती फुलाला खाली लटकते, पुंकेसर जबड्यात धरते आणि पंख न हलवता फक्त पंखांचे स्नायू थरथरवते. उडताना तिचा जो आवाज असतो, त्यापेक्षा हा एकदम वरच्या पट्टीतला, तुटक. कान द्यायची सवय झाली की पाठमोरं उभं राहूनही कळतं, वांग्यावर कोण आलंय ते. हेच काम विजेच्या टूथब्रशनंही होतं आणि बरेच जण करतातही. आमच्या घरात टूथब्रशच्या मालकानं परवानगी नाकारली.

तर या माश्यांना बोलवायचं कसं? मोहोळाची पेटी आणून ठेवता येते, एकांड्या माशीची पेटी मिळत नाही. म्हणजे मिळते. ऑनलाइन 'बी हॉटेल' नावाची लाकडी घरकुलं विकायला असतात, वरच्या मजल्यावर पाइनची बोंडं, खालच्या मजल्यावर भुसा आणि दर्शनी भागात लाकडी फुलपाखरू. दिवाणखान्यात शोभतील. पाइनच्या बोंडात कुठली माशी घरटं करते, हे विकणाऱ्यालाच विचारायला हवं. परदेशी माहिती वाचून त्याबरहुकूम करायला जावं तर तिथे माशी वेगळी, ऋतू वेगळे. जपानात सफरचंदाच्या बागांसाठी मातीकाम करणारी एक माशी गेली कित्येक दशकं पाळली जाते, अमेरिकेत लसूणघासाच्या बियाण्यासाठी पानकापीची एक जात चक्क शेतावर नेऊन सोडतात. तिथले लोक हिवाळ्यात कोष फ्रीजमध्ये ठेवतात. आमच्या फ्रीजमध्ये इडलीच्या पिठालाच जागा नसते. सुदैवानं साताऱ्यात त्याची गरजही नाही. उबेच्या दिवसांत अंड्यापासून माशी व्हायला महिना-दीड महिना पुरतो आणि वर्षात पिढ्याही एकापेक्षा जास्त होतात.

इथे लागतात त्या बांबूच्या नळ्या. मांडववाल्याकडे तुकडे फुकट मिळाले. वीतभर लांबीचे, एका टोकाला पेर शाबूत, दुसरं टोक उघडं, आतला पोकळ भाग बोरूएवढ्यापासून करंगळीएवढ्यापर्यंत. तोंडाशी एकही कूस राहता कामा नये, पंख फाटतात. म्हणून पॉलिशपेपर मारायचा. नळ्यांची जुडी डब्यात घट्ट बसवून तोंड पूर्वेकडे, डोक्यावर पत्र्याची पडवी, आणि वाऱ्यानं हलणार नाही अशी पक्की बांधणी. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळ्या मात्र नकोत. आतलं दिसतं खरं, पण दमट हवेत घाम धरतो आणि पिल्लांसकट सगळ्याला बुरशी येते. आपल्या पावसात तर विचारायलाच नको.

मग वाट बघायची. गणपती होऊन ऊन पडू लागलं की गच्चीवर वर्दळ वाढते. पानकापी पहिल्यांदा नळीसमोर हवेत डोलते, जागा डोक्यात बसवून घेते. मग गुलाबाकडे. पानाच्या कडेवर ती दोन्ही बाजूंनी पाय टाकून बसते आणि जबड्याच्या कात्रीनं स्वतःभोवती कमान कापत जाते. तुकडा सुटताना ती त्याच्यासकट खाली पडते, पण जमिनीपर्यंत पोचत नाही. तुकडा पोटाखाली दुमडून धरलेला असतो आणि ती थेट नळीकडे निघालेली असते. हे सगळं इतक्या झटपट होतं, की चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत संपलेलं असतं. लांबट तुकडे भिंतींना, नेमके गोल तुकडे झाकणाला. खोली तयार झाली की परागांच्या फेऱ्या सुरू. मधमाशी पराग मागच्या पायांवर गोळा करते, ही पोटाखालच्या केसांत भरून आणते. झेंडूवरून आली की पोट भगवं, तुळशीवरून आली की निराळं.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा. नळी इतकी अरुंद की आत वळता येत नाही. म्हणून ती आधी डोकं पुढे करून आत जाते, पोटातला मकरंद ओतते. उलट्या पावली बाहेर येते. दारात गिरकी घेते आणि आता पाठमोरी आत जाते, पोटावरचे पराग खरवडून काढायला. प्रत्येक फेरीला हीच कवायत. शिदोरीचा लाडू पुरेसा झाला की त्यावर एक अंडं, वर पानाचं झाकण, आणि पुढची खोली. आतल्या खोल्यांत बहुधा मुली, दाराकडच्या खोल्यांत मुलगे. फळलेल्या अंड्यातून मादी होते, न फळलेल्यातून नर, आणि कुठलं घालायचं ते आई ठरवते. नर आधी बाहेर पडतात आणि बाहेर ताटकळत उभे राहतात. सासूबाईंनी हे ऐकून "मग वेगळं काय झालं!" एवढंच म्हटलं. पण आता गुलाबावर फवारा मारायचा विषय निघत नाही. उलट आलेल्या पाहुण्यांना त्या कापलेली पानं दाखवतात.

नळ्यांनी सगळं भागतं असं मात्र नाही. माश्यांच्या सुमारे सत्तर टक्के जाती जमिनीत बिळं करतात. माझी ती निळ्या पट्ट्यांची वांगेवालीही मातीतलीच. तिला बांबू दाखवून उपयोग नाही. तिला हवी मऊ मातीची भिंत किंवा बांध. आजोळच्या घराला पांढऱ्या मातीच्या भिंती होत्या, दक्षिणेकडची भिंत भोकाभोकांची होती आणि दर दिवाळीला आजी ती शेणमातीनं लिंपायची. लिंपलेल्या भिंतीला पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा भोकं. घर पाडून स्लॅबचं झालं. तिथल्या परसात आता भोपळ्याला हातानं परागीकरण करावं लागतं, अशी मामीची तक्रार असते. भिंतीचा आणि भोपळ्याचा संबंध मी जोडते. मामी जोडत नाही, ती हवामानाला दोष देते. एवढ्या एका कारणानं झालं असं मीही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण लहान माशी घरट्यापासून काहीशे मीटरपलीकडे फारशी जात नाही, हे खरं आहे. आळीतल्या सगळ्या घरांना प्लास्टर झालं, अंगणांना फरशी झाली, की तिनं राहायचं कुठे?

म्हणून गच्चीवर एक जुनं घमेलं पांढरी माती आणि थोडी वाळू कालवून, घट्ट बसवून, आडवं करून ठेवलंय. त्यात काही लावायचं नाही, पाणी घालायचं नाही. कामवाल्या मावशींना ते बघवत नाही. "ताई, ह्यात कोथिंबीर तरी टाका." छाटलेल्या गुलाबाच्या वाळक्या काड्याही मी तशाच ठेवते, घाणेरीच्या तर मुद्दाम आणून खोचते, कारण त्यांचा मऊ गाभा पोखरून मुंगीपेक्षा जरा मोठ्या, हिरव्या चकाकणाऱ्या चिमुकल्या माश्या आत राहतात. बागेतला केर काढणं हा आपल्याकडे सद्गुण आहे. एकांड्या माशीचं सगळं आयुष्य त्या केरात असतं. पाळायचं म्हणजे करायचं फारसं काही नसतं, बरंचसं करायचं सोडायचं असतं, आणि टापटिपीच्या घरात तेच सगळ्यात अवघड.

एवढी सोय केल्यावर बिनबोलावलेलेही येतातच. कुंभारीण येते. ती माशी नव्हे, गांधीलमाशीच्या जवळची. मातीचं मडकं करून त्यात बेशुद्ध केलेल्या अळ्या कोंबते. वांग्यावरच्या अळ्या नेत असेल तर तिला आमची ना नाही. दुसरी एक काळीभोर, अंगावर आभाळी निळे ठिपके असलेली, इतकी देखणी की फोटो काढावासा वाटतो. ती निळ्या पट्टेवालीच्या बिळात आपलं अंडं टाकून जाते आणि तिचं पिल्लू आयत्या शिदोरीवर वाढतं. कोकिळा आणि कावळ्याचं प्रकरण, फक्त मातीखाली. मी मध्ये पडत नाही. मुंग्यांच्या बाबतीत मात्र पडते. नळ्यांच्या खांबाला ग्रीस फासलेलं आहे. वापरलेल्या नळ्याही माश्या उडून गेल्या की टाकून नव्या घालते, नाहीतर बारीक गोचिडासारखे किडे साठतात.

डंखाचं सगळेच विचारतात. नराला नांगी नसतेच. मादीला असते, पण राखायला मोहोळ नाही, मध नाही, तिनं अंगावर यावं कशासाठी? बोटांत चिरडलीत तर चावेल, आणि ते योग्यच आहे. माझा भाचा नळ्यांना नाक लावून बसतो, त्याला आजवर काही झालेलं नाही.

खरा पेच आहे तो भुंग्याशी. तोही एकांडाच, आणि या सगळ्यांत धिप्पाड. ज्ञानोबांच्या दृष्टान्तातला भ्रमर 'भलतैसें काष्ठ कोरडें' भेदतो आणि कोवळ्या कळीत अडकतो. आपण निरूपणात कळीपाशी थांबतो. मला नेहमी वाटतं, आळंदीला किंवा नेवाशाला कुठल्यातरी वाशात पडलेलं ते गोल भोक आणि खाली साचलेला भुसा माउलींनी स्वतः बघितला असणार. कोरणारी अर्थात मादी असते. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातल्या एका जातीचा अभ्यास केला. ती भुंगी रात्री उडते, अमावास्येलाही, आणि नुसत्या चांदण्यांच्या उजेडात तिला रंग ओळखता येतात. आमची दिवसा येणारी आहे. कृष्णकमळ तिच्याशिवाय धरत नाही, शेवग्याच्या फुलोऱ्यावर तीच राबते, आणि गेल्या पावसाळ्यानंतर तिनं वेलीच्या मांडवाचा वासा पसंत केला.

नवरा एरवी माश्यांच्या बाबतीत उदार आहे. वाशाखाली भुशाची ढिगुली दिसल्यावर त्यानं हिशेब मांडला. शेवग्याच्या शेंगा बाजारात काय भावानं, आणि वासा काय भावानं. हिशेब बिनचूक होता. भुंगी रंगवलेलं लाकूड टाळते, म्हणून आम्ही वाशाला ऑइलपेंट दिला आणि शेजारी वठलेल्या शेवग्याचा एक ओंडका बांधला, मऊ, कोरायला सोपा, तिच्याच हातचा म्हणावा असा. तिनं ओंडका घेतला. वाशाचं जुनं भोकही सोडलेलं नाही, तिथे बहुधा लेक राहतेय. सुताराला दाखवलं. तो म्हणाला, वासा अजून दोन-तीन वर्षं कुठे जात नाही. नवऱ्यानं दुसऱ्या सुताराचा नंबर मागवलाय.